नांगराला न लागलेली जीप

पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम ही छोटी मोटार कंपनी १९४० साली जवळजवळ बुडालेलीच होती. त्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली. टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती आणि पहिला नमुना ४९ दिवसांत दारात उभा करायचा होता. बहुतेक कंपन्यांनी ती मुदत वाचूनच कागद बाजूला सारला. बँटमकडे गमावण्यासारखं फारसं नव्हतं. तिने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावलं, त्याने दोन दिवसांत आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबरला मुदत संपायला अर्धा तास उरला असताना गाडी बाल्टिमोरच्या कॅम्प हॉलाबर्डमध्ये पोचली. लष्कराला ती पसंत पडली. मोठं काम मात्र दुसऱ्यांना मिळालं.

लष्कराला गाड्या लाखांनी हव्या होत्या आणि बँटमचा कारखाना तेवढा नव्हता. तिचे आराखडे टोलेडोच्या विलिस-ओव्हरलँडला आणि फोर्डला दाखवले गेले. विलिसकडे ६० अश्वशक्तीचं दणकट इंजिन होतं, त्यामुळे शेवटी गाडी ठरली ती विलिसच्या धर्तीची. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्डने मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला आल्या जेमतेम २,७००. समजूत काढल्यासारखं तिला एक वेगळं कंत्राट मिळालं. जीपच्या मागे जोडायची दोन चाकी ट्रॉली, म्हणजे पाव टनी ट्रेलर, तिने बनवायचा.

शेतीच्या बाजूने पाहिलं तर हा ट्रेलर लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्याची चाकं आणि टायर जीपचेच; रानात पंक्चर झालं तर एकच स्टेपनी दोघांनाही चाले. पत्र्याचा हौदा इतका घट्ट जोडलेला की नदीत घातला तर तो जीपमागे तरंगत जाई, आणि पलीकडे गेल्यावर तळाची बुचं काढून आत शिरलेलं पाणी सोडून देता येई. खडबडीत वाटेने सव्वादोनशे किलो माल सहज जाई. युद्धानंतर हजारो ट्रेलर लिलावात निघाले आणि कडबा, दुधाचे कॅन, कुंपणाचे खांब वाहू लागले. बँटमने तर नागरी ग्राहकांसाठी तोच ट्रेलर पुढे कित्येक वर्षं विकला.

जीप शेतावर आली तिथे जवळजवळ सगळीकडे एकच प्रकार घडलेला दिसतो. कारखानदार तिला औताला जुंपायला निघाले, शेतकऱ्याने मात्र तिच्या मागे ओझं लावलं, नाहीतर तिच्यातच भरलं. या ओढाताणीची हकिगत अमेरिका, वेल्स आणि जर्मनीतून फिरत आपल्या माझगावपर्यंत येते.

१९४४ साली, युद्ध जिंकणार हे दिसू लागल्यावर, विलिसला घोर लागला. लष्कर गाड्या घ्यायचं थांबलं की कारखान्याचं काय करायचं? मोटारींच्या बाजारात फोर्ड आणि जनरल मोटर्सपुढे तिचा टिकाव लागणं अवघड होतं. अमेरिकेत तेव्हा कोट्यवधी माणसं शेतीवर होती आणि अनेक शेतांवर अजून घोडे राबत होते. कृषी खात्याच्या तज्ज्ञांनी युद्ध चालू असतानाच जीपमागे अवजारं लावून पाहिली होती. त्यातच १९४४ मध्ये विलिसची सूत्रं चार्ल्स सोरेन्सनकडे आली. फोर्डमध्ये त्याने फोर्डसन ट्रॅक्टरपासून बॉम्बर विमानांपर्यंत सगळ्यांचं उत्पादन उभं केलेलं. ट्रॅक्टर म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मिशिगनमधल्या न्यू हडसनजवळ त्याचं स्वतःचं शेत होतं. जुलै १९४५ मध्ये, जपानने शरणागती पत्करण्याआधीच, याच शेतावर पत्रकारांना बोलावून नागरी जीप दाखवण्यात आली.

तिचं नाव सीजे-२ए. लष्करी जीपला मागे उघडणारं फळकं दिलं, हेडलाइट मोठे केले, स्टेपनी मागून काढून कडेला लावली, म्हणजे मागची बाजू मालासाठी आणि अवजारासाठी मोकळी झाली. गिअरची आखणी बदलून कमी वेगात जास्त ओढ मिळेल असं केलं. जादा पैसे मोजले की पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणारा दांडा, मिळे; त्यावर पट्टा चढवून करवत किंवा मळणीयंत्र फिरवता येई. वेग एकसारखा राखणारा गव्हर्नरही मिळे. जाहिरातीत ती एकटीच चार कामं करणारी होती: हलका ट्रॅक्टर, मालगाडी, फिरायची गाडी आणि चालतंफिरतं इंजिन. किंमत १,०९० डॉलर.

आणि इथेच घोडं अडलं. फोर्डने १९३९ मध्ये ९एन हा ट्रॅक्टर काढला होता, सुरुवातीची किंमत ५८५ डॉलर. त्याचं वजन जीपपेक्षा फार वेगळं नव्हतं, दोन्ही एक टनाच्या आसपास. मग एक नांगरतो आणि दुसरी का घसरते? उत्तर मागच्या जोडणीत होतं. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने तीन टोकांवर अवजार धरणारी हायड्रॉलिक जोडणी काढली होती. आज आपला प्रत्येक ट्रॅक्टरवाला तिला नुसतं ‘लिफ्ट’ म्हणतो. जमिनीत घुसलेला नांगर जितका विरोध करतो तितका भार ही जोडणी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर टाकते. माती जड लागली की पकड आपोआप वाढते. जीपमागे साखळीने किंवा दांडीने नांगर ओढायचा तर हा फायदा मिळत नाही. हलकी गाडी नुसती चाकं फिरवत बसते, मग तिच्यात पोती भरून वजन वाढवायचं. दुसरी अडचण पिकाची. ट्रॅक्टरची चाकं सरीच्या अंतराप्रमाणे आत-बाहेर सरकवता येतात, खालून गुडघाभर पीक जातं. जीपची चाकं ठरल्या जागी पक्की आणि पोट जमिनीलगत. मक्याच्या उभ्या पिकात कोळपणी करायला ती न्यायची म्हणजे मका मोडूनच घ्यायचा.

विलिसने पुढे जीपला हायड्रॉलिक लिफ्टही लावून पाहिली, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘फार्म जीप’ आणि ‘जीप ट्रॅक्टर’ अशा नावांनी खास गाड्याही विकायला काढल्या. त्या फारशा खपल्या नाहीत. पण साधी सीजे-२ए १९४९ पर्यंत दोन लाखांहून जास्त विकली गेली. म्हणजे शेतकरी गाडी घेत होता. जाहिरातीतली चार कामं वाचून त्यातली तीन घेत होता आणि नांगरट फोर्डच्या ट्रॅक्टरवर सोडत होता. कुरणातलं वासरू आणायला, बर्फातून दूध डेअरीला घालायला, ट्रेलर लावून गावातून खत आणायला जीपला तोड नव्हती. विलिसनेही हे ओळखलं असावं, कारण १९४७ मध्ये तिने चार चाकांनी ओढणारा पिकअप ट्रक आणला. त्याच्या एक वर्ष आधी डॉजने लष्करी ट्रकवरून ‘पॉवर वॅगन’ काढलीच होती. अमेरिकी शेतावर पुढची सत्तर-ऐंशी वर्षं राज्य केलं ते पिकअपने.

जाता जाता एका दंतकथेबद्दल. लष्कराच्या खोक्यात ग्रीसमध्ये बुडवलेली कोरी जीप ५० डॉलरला मिळते, अशा जाहिराती अमेरिकी मासिकांत वर्षानुवर्षं येत राहिल्या. पैसे पाठवणाऱ्याला हाती पडे ती सरकारी लिलावांत भाग कसा घ्यायचा याची पुस्तिका. खरोखरच्या लिलावातल्या जीप युद्धात पिळून निघालेल्या असत, आणि त्या विकत घेण्यापेक्षा चालवणं महाग पडे.

नेमकी हीच अडचण वेल्समध्ये मॉरिस विल्क्सला आली. तो रोव्हर मोटार कंपनीचा मुख्य अभियंता. थोरला भाऊ स्पेन्सर त्याच कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक. अँगलसी बेटावर मॉरिसची शेतजमीन होती आणि तिथे तो लष्कराची जुनी विलिस जीप वापरत असे. ती थकली की काय घेणार, असं भावाने विचारल्यावर, दुसरी जीपच घ्यावी लागेल, कारण अशी दुसरी गाडीच नाही, असं तो म्हणाल्याचं सांगतात. रोव्हरला तेव्हा अशाच एखाद्या गाडीची गरज होती. ब्रिटनमध्ये पोलाद रेशनवर होतं आणि जो निर्यात करील त्यालाच ते मिळे. रोव्हरच्या आलिशान मोटारींना परदेशात गिऱ्हाईक कमी. सोलिहलला युद्धात विमानाची इंजिनं बनवणारा मोठा कारखाना मात्र रिकामा पडलेला.

१९४७ च्या उन्हाळ्यात कामाला सुरुवात झाली. पहिला नमुना जीपच्याच चासीवर बांधला आणि त्याचं स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखं मधोमध ठेवलं. चालवणारा मध्ये बसला की डावी-उजवीकडची भानगड मिटते, परदेशी विकायला एकच गाडी पुरते, असा हिशेब. प्रत्यक्षात ते गैरसोयीचं निघालं आणि सोडून द्यावं लागलं. पोलाद वाचवायला अंगावरचा पत्रा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा घेतला. तो गंजत नाही हे गुणपत्रक नंतर मिळालं. दोन अक्षांमधलं अंतर ८० इंच, जीपइतकंच. ३० एप्रिल १९४८ रोजी अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लँडरोव्हर लोकांसमोर आली. किंमत ४५० पौंड; दरवाजे आणि छत त्या किमतीत धरलेले नव्हते.

रोव्हरचंही मन नांगरातच गुंतलं होतं. लँडरोव्हरला मध्ये आणि मागे पीटीओ दिला होता, आणि ती नांगरताना, पेरताना, करवत चालवतानाची छायाचित्रं कंपनीने भरपूर छापली. पण तिथून काही मैलांवर कॉव्हेंट्रीत फर्ग्युसनचा स्वतःचा टीई-२० ट्रॅक्टर १९४६ पासून धडाधड बाहेर पडत होता. ब्रिटिश शेतकऱ्याने मग अमेरिकन शेतकऱ्यासारखीच विभागणी केली: फर्ग्युसन शेतात, लँडरोव्हर बांधावर. मेंढ्या, चारा, दूध, कुत्रा आणि बायकामुलं सगळी तिच्यात, मागे जनावरांचा ट्रेलर.

तिच्या यशात कराचा हात किती होता हे पाहण्यासारखं आहे. सरकार तिला मालवाहू गाडी समजत होतं, त्यामुळे मोटारीवरचा खरेदी कर तिला लागू नव्हता. उलट बाजूने, मालवाहू म्हणून ताशी ३० मैलांची मर्यादा मात्र लागू होती आणि घाईत निघालेल्या शेतकऱ्यांना त्यापायी दंडही भरावे लागले. १९४८ मध्येच कंपनीने लाकडी सांगाड्याची, गुबगुबीत आसनांची स्टेशन वॅगन काढली. तिला कर लागला. तीन वर्षांत साडेसहाशेही खपल्या नाहीत. तात्पुरती तगायची सोय म्हणून काढलेली साधी लँडरोव्हर मात्र एका वर्षातच रोव्हरच्या मोटारींपेक्षा जास्त विकली जाऊ लागली.

जर्मनीत गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली. पराभवानंतर दोस्त राष्ट्रांनी लष्करी वाहनं बनवायला बंदी घातलेली आणि देश उपाशी. डायम्लर-बेन्झमध्ये विमानाच्या इंजिनांवर काम केलेल्या आल्बर्ट फ्रिडरिश याने शेतीसाठी म्हणून एक वाहन आखलं: चारही चाकं सारख्या आकाराची, चारही ओढणारी, २५ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेग आणि मागे छोटा हौदा. चाकांमधलं अंतर ठेवलं १,२७० मिलिमीटर, म्हणजे बटाट्याच्या बरोबर दोन ओळी. बाकीच्यांनी गाडी बनवून मग पिकाचा विचार केला, फ्रिडरिशने पीक मोजून गाडी बनवली. हे ‘युनिमॉग’ १९४८ मध्ये फ्रँकफर्टच्या कृषी प्रदर्शनात आलं. काम ते चोख करी, पण लहान शेतकऱ्याला झेपेल अशी त्याची किंमत नव्हती. १९५१ मध्ये ते डायम्लर-बेन्झकडे गेलं, काही वर्षांत नव्या जर्मन लष्कराने ते उचललं आणि पुढे नगरपालिकांनी बर्फ सारायला घेतलं. जीप लष्करातून शेतावर आली, युनिमॉग शेतावरून लष्करात गेलं.

आता आपल्याकडे. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी जीप हिंदुस्थानात मोठ्या संख्येने आल्या होत्या. आसाम-मणिपूरच्या डोंगरांत ट्रेलर लावून त्यांनी दारूगोळा पुढे नेला आणि जखमी मागे आणले. रेल्वेची चाकं बसवून त्या रुळांवर डबे ओढायच्या. युद्ध संपल्यावर हा पसारा ‘डिस्पोजल’मध्ये निघाला आणि आपल्या ग्रामीण भागातल्या पहिल्या जीप बऱ्याचशा याच वाटेने आल्या. घेणारा असे मोठा बागायतदार, जंगलाचा ठेकेदार किंवा छोटा संस्थानिक, कारण गाडी स्वस्त मिळाली तरी पेट्रोल आणि सुटे भाग स्वस्त नव्हते.

जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहंमद यांनी १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्र अँड मोहंमद ही कंपनी काढली. फाळणी झाली. गुलाम मोहंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. कैलासचंद्र युद्धकाळात भारत सरकारच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते आणि जीप काय चीज आहे हे त्यांनी तिथे पाहिलेलं होतं. चाळीसचं दशक संपता संपता मुंबईत माझगावला विलिस जीपचे सुटे भाग जोडून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे काम कांदिवलीला गेलं. पन्नासच्या दशकात आलेली सीजे-३बी इथली कायमची जीप झाली. तिचं बॉनेट उंच दिसतं, कारण विलिसने नव्या इंजिनात वरून उघडणारे व्हॉल्व्ह घातले आणि इंजिनाची उंची वाढली. अमेरिकेत ती १९६८ ला थांबली. आपल्याकडे तिचे वंशज नव्या शतकातही कारखान्यातून निघत होते.

या जीपला इथे शेतकऱ्याच्या आधी सरकार भेटलं. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम ५५ प्रकल्पांनी सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याच्या, म्हणजे बीडीओच्या, कामाची खूण झाली ती जीप. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्यावर ती आणखी गावांत शिरली. बियाणं, खत, लसी आणि तगाईची पाहणी हिच्यातूनच येई. त्याआधीच, १९५०-५१ च्या हंगामात, प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ एकेक कारखाना उभा राहत गेला. शेती अधिकाऱ्याला उसाच्या फडावर जायचं, चेअरमनला सभासदांकडे. रस्ते नव्हतेच.

काळ्या रानात पावसाळ्यात गाडी नेली आहे त्यालाच चारही चाकांचं मोल कळतं. रेगूर माती चाकाला लिंपते, टायरच्या खाचा बुजतात आणि चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरतं. मागची दोन चाकं अशी हरली की गिअरच्या दांड्याशेजारचा छोटा दांडा ओढायचा, पुढचा अॅक्सल लागतो आणि गाडी चिखलातून स्वतःला उपसत बाहेर पडते. पण या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्का जखडलेला असतो. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक भरून निघतो, डांबरावर निघत नाही. मग सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो, स्टिअरिंग जड होतं, टायर झिजतो आणि कधी तर दांडा परत निघतच नाही. अशा वेळी जुना ड्रायव्हर शांतपणे गाडी थोडी रिव्हर्स घेई. पीळ उलगडे, दांडा सुटे. ज्यांना हे माहीत नसे त्यांनी पुष्कळ क्रॉस आणि गिअर तोडले.

शेतकऱ्याला ही गाडी परवडण्यात मुख्य धोंड होती पेट्रोलची. आणि ती दूर झाली ट्रॅक्टरमुळे. १९६३ मध्ये महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीबरोबर ट्रॅक्टरची भागीदारी केली आणि बी-२७५ ट्रॅक्टर मुंबईत बनू लागला. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकलं, तेव्हा सत्तरच्या दशकात याच घराण्यातलं डिझेल इंजिन जीपच्या उंच बॉनेटखाली बसवलं गेलं. अमेरिकेत जीपला ट्रॅक्टर करण्यासाठी वीस उपाय झाले होते. इथे ट्रॅक्टरचं काळीजच तिच्या छातीत घातलं, तेही नांगरण्यासाठी नव्हे, तर सडकेवर पैसे वाचवण्यासाठी! कंप आणि आवाज एवढा की आत बसून बोलायचं म्हणजे ओरडायचं. पण ट्रॅक्टर दुरुस्त करणारा गावचा मिस्त्री आता जीपही दुरुस्त करू शकत होता, आणि खेड्यात गाडी ठेवायची की नाही हे त्यावर ठरतं. ऐंशीच्या दशकात प्यूजोच्या परवान्यावर इगतपुरीला बनणारं डिझेल इंजिन आलं आणि एमएम-५४० सारख्या गाड्या निघाल्या.

जीपच्या मागची ट्रॉली मात्र महाराष्ट्रात रुजली नाही. अमेरिकेतल्या सव्वादोनशे किलोंच्या ट्रेलरने इथे भागण्यासारखं नव्हतं. ऊस टनांनी मोजतात. तो आधी बैलगाडीने, मग टायरच्या गाडीने आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने कारखान्यावर गेला. एकीमागे एक दोन ट्रॉल्या लावून धापा टाकत जाणारा ट्रॅक्टर हंगामात दक्षिण महाराष्ट्राच्या कुठल्याही रस्त्यावर दिसतो. शेतीचं वाहन म्हणून ट्रॅक्टरला मिळणाऱ्या सवलतींचा यात वाटा आहेच. त्याची किंमत रस्ते मोजतात: ब्रेक नसलेल्या, रात्री मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर दुचाकी आदळल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमाही दर हंगामात होतात. रानात ट्रॅक्टरने नांगरट केली, पण आपल्याकडच्या ट्रॅक्टरच्या आयुष्यातले कितीतरी तास रस्त्यावर ओझं ओढण्यात गेले. जीपला ट्रॅक्टर बनवण्याचा बेत फसला आणि ट्रॅक्टरच मालगाडी झाला, असा आपल्याकडचा उफराटा न्याय.

जीपला काम मिळालं माणसं वाहण्याचं. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, पण वाडी-वस्तीपर्यंत ती दिवसातून एकदा पोचली तरी नशीब. मधली पोकळी जीपने भरली. विदर्भ-मराठवाड्यात काळी-पिवळी, कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे वडाप. नव्वदच्या दशकात कमांडर आणि ट्रॅक्स या लांब अंगाच्या गाड्या यासाठी जणू मापानेच बनवल्या होत्या. मागे समोरासमोर दोन बाकं, टपावर भाजीच्या पाट्या आणि कोंबड्यांचे खुराडे, फळीवर लोंबकळणारी पोरं. यातल्या बऱ्याच गाड्यांना पुढचा ओढणारा अॅक्सल नव्हताच. तोवर गावोगाव खडी आणि डांबर पोचलं होतं, आणि मालकाला चार चाकांच्या ओढीपेक्षा आणखी चार शिटा महत्त्वाच्या होत्या. पोलिसांच्या लेखी ही ‘अवैध प्रवासी वाहतूक’. आठवडी बाजाराला जाणाऱ्या बाईच्या लेखी ती वेळेवर येणारी एकमेव गाडी. फिलिपिन्समध्ये अमेरिकनांनी सोडून दिलेल्या जीप लांब करून ‘जीपनी’ झाल्या, तोच प्रकार इथे कुणी न शिकवता झाला.

बागायतदाराच्या मालाची सोय पिकअपने केली. टाटा २०७, बोलेरो पिकअप आणि २००५ पासून पुण्याचा टाटा एस, ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात. नारायणगावहून टोमॅटोचे कॅरेट किंवा नाशिककडून पालेभाजी रात्री भरायची आणि वाशीच्या बाजारात पहाटेआधी उतरवायची, यासाठी ट्रक मोठा आणि ट्रॅक्टर हळू. जे काम १९४७ च्या विलिस पिकअपने ओहायोत केलं, ते महाराष्ट्रात पन्नासेक वर्षांनी घरोघरी आलं, तेही बहुधा दोनच ओढणाऱ्या चाकांवर. चारही चाकांनी ओढणारी महिंद्रची थार आता शेतकऱ्यांच्या पोरांकडे दिसते, पण ती लग्नाच्या वरातीत जास्त आणि फडात कमी.

याच वंशातली एक गाडी २०१८ मध्ये अमेरिकेत परत गेली. महिंद्रने तिथे रॉक्सर नावाची छोटी चार चाकी काढली; भाग इथून जायचे आणि जोडणी मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्सला व्हायची, जिथे जीपच्या आताच्या मालकांचं अमेरिकेतलं मुख्य कार्यालय आहे. सोरेन्सनचं न्यू हडसन त्याच परगण्यात. रॉक्सरला ६२ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन होतं, म्हणजे १९४१ च्या जीपपेक्षा दोन अश्वशक्ती जास्त. ही आमच्या जीपचीच नक्कल आहे अशी तक्रार जीपच्या मालकांनी व्यापार आयोगाकडे केली. २०२० मध्ये आयोगाने आयातीला मनाई केली, महिंद्रने गाडीचा चेहरा बदलला आणि वर्षअखेरीस नव्या चेहऱ्याला परवानगी मिळाली. अमेरिकी कायद्यानुसार ही गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी नव्हतीच. ती विकली गेली शेतावर आणि रानात वापरायचं वाहन म्हणून, आणि कंपनीने तिच्या गुणांत सांगितली ती ट्रेलर ओढायची ताकद.